ठिकाणकर

परदेशातल्या कुठल्याही शहरात मराठी माणसांची दहा-बारा घरं झाली की आधी मंडळ स्थापन होतं, मग ते फुटतं, आणि दोन्ही मंडळांना ज्याच्यावाचून चालत नाही असा एक माणूस आपोआप तयार होतो. आमच्या स्टुटगार्टात त्याला ठिकाणकर म्हणतात. खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता फक्त पगाराच्या पावतीवर उरलंय. चिवड्याला पातळ पोहे हवेत, फोन ठिकाणकरांना. गौरीच्या नैवेद्याला केळीची पानं हवीत, ठिकाणकर. बाळंतिणीच्या लाडवांना अळीव हवेत, ठिकाणकर. पलीकडून उत्तर ठरलेलं : "मिळतं की!" त्यांच्या तोंडून नकार ऐकलेला मराठी माणूस सबंध बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सापडायचा नाही.

गंमत अशी की हाच माणूस पुण्यात असताना वाण्याच्या दुकानाची पायरी चढला नव्हता. फराळ ही दिवाळीच्या तोंडावर डब्यांत आपोआप उगवणारी वस्तू आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आई भाजणी भाजायला बसली की हे "धूर होतोय" म्हणून आपल्या खोलीचं दार लावून घ्यायचे. इथे येऊन गिअरबॉक्सचे आराखडे काढता काढता पहिली दिवाळी आली, डबे रिकामेच राहिले, आणि ठिकाणकरांमधला संशोधक जागा झाला. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी-शहरं आहेत. "सख्ख्या बहिणीच्या घरी दिवाळीला चकलीची भाजणी मिळू नये, हे मला पटेना," असं ते त्या काळाबद्दल सांगतात.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात शहराचा एक वेगळाच नकाशा तयार झालाय. त्यात ना वस्तुसंग्रहालयं, ना राजवाडा. खोबरं गोठवलेलं हवं तर तामिळ दुकान, केळीची पानं थाई दुकानाच्या फ्रीजरमध्ये, पिस्ते-वेलची-केशर इराण्याकडे, शेंगदाणे आफ्रिकन दुकानात, आणि तीळ तुर्क्याकडे. पत्ता सांगायचीही त्यांची खास रीत आहे. "कानस्टाटला उतरायचं. मागच्या जिन्यानं बाहेर पडायचं. औषधाच्या दुकानावरून डावीकडे वळलं की तुर्क्याचं दुकान. आत शिरल्यावर भाज्यांकडे बघायचंसुद्धा नाही, सरळ शेवटच्या मांडणीशी जायचं, खालचा कप्पा. आणि शनिवारीच जा हो, रविवारी बंद असतं!"

नव्यानं आलेल्या जोडप्यांचा ते वर्ग घेतात. पहिला धडा जिऱ्याचा. सुपरमार्केटात 'क्यूमेल' लिहिलेली बाटली दिसते, आतला ऐवज हुबेहूब जिऱ्याच्या चेहऱ्याचा असतो, आणि माणूस फसतो. ती घातलेल्या चकलीला थेट जर्मन पावाचा वास येतो. आपलं जिरं म्हणजे 'क्रॉयत्सक्यूमेल'. दुसरा धडा तांदळाच्या पिठीचा. हत्तीच्या चित्राच्या थाई पाकिटावर लाल अक्षरं असली तर साधी पिठी, हिरवी असली तर चिकट तांदळाची. हिरव्या पाकिटाचे मोदक उकडले की कळ्या मिटून घेतात आणि बाप्पापुढे सपाट लोटांगण घालतात. तिसरा धडा मैद्याचा, आणि इथे ठिकाणकरांमधल्या इंजिनियरला बहर येतो. जर्मन पिठाच्या पुड्यावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. "शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर साधारण तितके मिलिग्रॅम राख उरते," ते सांगतात. "राख कमी तितकं पीठ पांढरं. शंकरपाळ्यांना चारशेपाच!" पुढे बसलेली नवी नवरी हे वहीत उतरवून घेते. आपण लग्न करून आलोय की डिप्लोमाला, असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो.

काही बाबतींत मात्र जर्मनीनं आपल्यावर उपकार केलेत, असं त्यांचं ठाम मत आहे. 'क्वार्क' हा त्यातला मुख्य. चक्का बांधायला फडकं नको, रात्रभर टांगायला खुंटी नको, डबा उघडला की श्रीखंडाला सुरुवात. (चाळीस टक्केवालाच घ्यायचा. बिनस्निग्धाचा घेणाऱ्यांशी ते सणासुदीला बोलत नाहीत.) तुपासाठी आंबवलेल्या सायीचं लोणी, म्हणजे 'झाउअररामबुटर', आणायचं आणि मंद आचेवर कढवायचं. "डोळे मिटून वास घ्या," ते म्हणतात, आणि पातेलं नाकाशी धरेपर्यंत हलत नाहीत. अळीव तर इथले लोक खिडकीतल्या कुंडीत उगवून पावावर भुरभुरतात. त्यामुळे ठिकाणकर बियाण्यांच्या फळीसमोर उभे राहून, फवारणी न केलेली पाकिटं निवडून निवडून घेतात. दुकानदाराला वाटतं, या माणसाचं मोठं शेत असावं.

खव्याचं मात्र दुखणं आहे. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात दुधाचे पदार्थ आणायला बंदी, त्यामुळे सासूबाईंचा खवा मुंबईच्या विमानतळापलीकडे येऊ शकत नाही. ठिकाणकरांनी त्यावर दूध पावडरीचा तोडगा काढला. कढीपत्त्यावर काढलेला तोडगा त्याहून थोर. १९६०च्या दशकात केरळातून बऱ्याच मुली नर्स म्हणून जर्मनीत आल्या. त्यांतल्या एक आजी दोन गल्ल्या सोडून राहतात आणि त्यांच्या दिवाणखान्यात कढीपत्त्याचं झाड आहे. थंडीत ते झाड हीटरपासून किती अंतरावर ठेवायचं हे आजी ठरवतात. कोजागरी झाली की ठिकाणकर आजींची प्रकृती विचारायला जातात. खरं तर झाडाची विचारायला जातात, हे आजींनाही ठाऊक आहे. त्या चार डहाळ्या देतात आणि बदल्यात चकल्या मोजून घेतात.

त्यांच्या कारकिर्दीचा कळस म्हणजे गिरणी. एका सेंद्रिय मालाच्या दुकानात गिऱ्हाइकाला धान्य दळून देणारं छोटं यंत्र आहे, हा शोध लागला तेव्हा त्यांनी त्या दिवशी कामावर दांडी मारली. भाजलेल्या भाजणीची पिशवी घेऊन ते हजर झाले आणि यंत्रापाशी उभ्या बाईंना त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "याआधी काय दळलं?" प्रश्नामागे पुण्यातल्या गिरण्यांची कित्येक पिढ्यांची परंपरा होती, पण बाई गोंधळल्या. "राय," त्या म्हणाल्या. ठिकाणकरांनी खिशातून मूठभर तांदूळ काढले, ते आधी दळायला लावले, आणि मगच भाजणी ओतली. त्यानंतर ज्या कुणी तिथे गहू दळून नेले त्यांचा पाव धण्या-जिऱ्याचा झाला असणार. तो त्यांना आवडला म्हणून ते परत आले, असं ठिकाणकर सांगतात. यातलं खरं किती ते गिरणीलाच माहीत.

पण काळ बदलला. हल्ली कुणीही फोनवर दोन बोटं फिरवतं आणि तिसऱ्या दिवशी पोह्यांपासून पणत्यांपर्यंत सगळं दारात येतं. ठिकाणकर हे ऐकतात तेव्हा त्यांचा चेहरा भजन मंडळींसमोर कुणी सिनेमाचं गाणं लावावं तसा होतो. "घरपोच?" ते विचारतात. "मग तुम्ही दिवाळीला केलंत काय?" २०२४ साली त्यांना थोडा न्याय मिळाला. लक्ष्मीपूजन आलं १ नोव्हेंबरला, त्याच दिवशी इथे सर्व संतांच्या सणाची सुट्टी, दुकानं बंद, आणि निम्म्या मराठी घरांचे पुडे कुठल्यातरी गोदामात अडकलेले. त्या संध्याकाळी ठिकाणकरांनी आपल्या तळघरातून पाच घरांना रवा-बेसन वाटलं. त्यांनी उपकाराचा चकार शब्द काढला नाही. फक्त प्रत्येक दारात दहा-दहा मिनिटं उभे राहून तो रवा कुठून आणला ते सांगितलं.

त्यांची कीर्ती आता मराठीपुरती उरलेली नाही. डिसेंबर लागला की खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजी नाताळच्या बिस्किटांसाठी वेलची शोधत त्यांचं दार वाजवतात. सुपरमार्केटातल्या चिमूटभर वेलचीच्या काचेच्या बाटल्या बघून ठिकाणकरांचा जीव कळवळतो. मागच्या वर्षी त्यांनी आजींना हाताला धरून इराण्याकडे नेलं, वेलची चुरडून हुंगायला लावली आणि कवडीमोलानं मोठी पिशवी मिळवून दिली. आजींनी त्या भरात केशरही घेतलं. त्याचं काय करायचं हे अजून त्यांना कळलेलं नाही, पण ठिकाण कळलंय.

फराळाला आपण त्यांच्या घरी गेलो की प्रत्येक पदार्थाची वंशावळ ऐकावी लागते. करंजी तोंडात असते आणि कानावर तिच्या खोबऱ्याचा प्रवास असतो. पाहुणे "वा, ठिकाणकर!" म्हणतात. चार रात्री जागून ते सगळं तळलेल्या वहिनी चहा ओतत असतात आणि काहीच बोलत नाहीत. त्यांचं मत मला गेल्या दिवाळीत कळलं. चिवड्यावर पिठीसाखर भुरभुरायची राहिली होती, म्हणून ठिकाणकर स्वतः उठून स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ डब्यांची झाकणं वाजली. मग आतून दीनवाणा आवाज आला, "अगं, पिठीसाखर कुठे असते आपल्याकडे?"

वहिनींनी किटली खाली ठेवली. "ओट्यापासून सरळ जायचं," त्या शांतपणे म्हणाल्या. "फ्रिजवरून डावीकडे वळायचं. वरच्या डब्यांकडे बघायचंसुद्धा नाही, शेवटची मांडणी, खालचा कप्पा. आणि लवकर घ्या हो, रविवारी बंद असतं!"