टॉवेलवाले मामा

मामांना नांदेडात घर आहे, पण तिथं ते पाहुण्यासारखे येतात. मुक्काम ट्रकच्या केबिनमध्ये. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन नाहीतर तूर टाकायची आणि नंबर लागेपर्यंत तिथंच पाय पसरायचे.

जुन्या गाडीचं इंजिन केबिनमध्येच, बॉनेटखाली. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश आणि मांडीशेजारी चूल. मामांचा त्यावर एकच इलाज: ओला टॉवेल. एक डोक्यावर, एक खिडकीला, एक सीटच्या पाठीवर. शिवाय वाळ्याची ताटी, तिच्यावर पाणी मारायचं काम क्लीनरचं. गोणपाट गुंडाळलेलं पाण्याचं कॅन कुणी उन्हात ठेवलं तर मामा दिवसभर त्याच्याशी बोलत नाहीत.

हीच ताटी वाशीला नेली की मामा हरतात. घामाच्या धारा लागतात, टॉवेल वाळत नाही. मामांचं निदान ठरलेलं: "मुंबईच्या हवेचं पोट भरलेलं असतंय. ती पाणी पीत नाही. आपली हवा कशी, तहानलेली!" भूगोलाच्या मास्तरांनी मला आर्द्रता इतकी नीट शिकवली नव्हती.

थंडीत तीच चूल लाडकी होते. भाजीचा डबा बॉनेटवर, मामाही बॉनेटलगत, अंगावर आजीच्या हातची वाकळ. पण काच दोन बोटं उघडी. एकदा क्लीनरनं कोळशाची शेगडी आत घेतली, तेव्हा मामांनी शेगडीसकट त्याला खाली उतरवलं. "धूर दिसतो तरी. न दिसणारा विषारी वायू झोपेतच नेतो!" दोन बोटांच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यानं माझे कान रात्रभर वाजले, पण हू की चू केलं नाही.

मग सरकारचा नियम आला. नव्यानं बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकला एसी केबिन सक्तीची. शेठनं नवी गाडी घेतली आणि ती नेमकी मामांना दिली. मामा आठवडाभर फुगून होते.

"उगं फॅड आहे. गाडी थांबली की एसी थांबला. चालू ठेवायचा तर इंजिन चालू, डिझेल जळतंय, शेठ बोंबलतोय. टॉवेलाला डिझेल लागतं का?"

खरं सांगायचं तर मुद्दा बिनतोड होता. झोपायच्या वेळीच जो कामाला येत नाही, तो कसला गारवा?

परवा लातूरला गेलो होतो. भर दुपारी मोंढ्याबाहेर मामांची गाडी उभी, इंजिन घुरघुरत. दार उघडलं तर आत महाबळेश्वर. काचा वरपर्यंत बंद, दोन बोटांचीसुद्धा फट नाही. खिडकीवरचा टॉवेल कडकडीत वाळलेला. मामा गाढ झोपेतून दचकून उठले.

"एसी लावून झोपलात मामा?"

मामांनी टॉवेल उचलून खांद्यावर टाकला.

"छे! बॅटरी चार्ज करायलोय."