गडी भांडणानंतर मेला? नवशिक्या कॉरोनरसाठी मार्गदर्शन

सर्वप्रथम, कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, या पदाबद्दल अभिनंदन. साल 1825 धरून चालू. गाव ट्रॉय, न्यूयॉर्क राज्य, हडसन नदीचा पूर्वकाठ. लंडनच्या गादीवर चौथा जॉर्ज बसलाय, पण इथे त्याला कुणी विचारत नाही. त्याच्या बापाची सत्ता झुगारून अर्धशतक होत आलं. कायदा मात्र इंग्रजांचाच ठेवला. 1777 च्या राज्यघटनेने इंग्लंडचा कॉमन लॉ, म्हणजे रूढी आणि जुन्या निवाड्यांवर उभा कायदा, राहू दिला, त्यामुळे कॉरोनर आला, ज्युरी आली आणि प्रेत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चौकशी नाही हा नियमही आला.

आता प्रकरण. एरी कालवा यंदाच पूर्ण झालाय, धक्क्यावर पिठाच्या पिंपांची रीघ आहे. समजा, मजुरीच्या पैशांवरून एका हमालाची मुकादमाशी बाचाबाची झाली. मुकादमाने फावड्याचा दांडा कानशिलावर हाणला. हमाल पडला, उठला, कपडे झटकले, आणखी दोन पिंपं वाहिली. संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणाला, रात्री मोठमोठ्याने घोरत पडला आणि सकाळी उठलाच नाही.

नवशिक्याने इथे गोंधळून जाऊ नये. आधी ज्युरीसाठी बारा भले गृहस्थ जमवा. इंग्लंडात अशा चौकश्या बहुधा दारूच्या गुत्त्यातच भरतात. जागा ऐसपैस, शिवाय साक्षीदार तिथेच सापडतात. तिकडच्या कॉरोनरला 1751 च्या कायद्याने दर चौकशीला वीस शिलिंग आणि मैलाला नऊ पेन्स मिळतात. प्रेत उघडून पाहणाऱ्या डॉक्टरला मात्र कायद्याने छदामही ठरलेला नाही. तो ठरायला 1836 उजाडणार आहे. म्हणून इथलाही डॉक्टर आढेवेढे घेऊ लागला, तर फार आग्रह करू नका.

पहिला प्रश्न ठरलेला: मयत दारू पीत असे काय? उत्तर 'हो' येणारच, कारण कालव्याच्या कामावर व्हिस्की ठेकेदारच पाजत असे. दुसरा प्रश्न: आधीपासून काही दुखणं होतं काय? खोकला, छातीत धडधड, काहीही चालेल. एवढ्यावर 'देवाज्ञा' असा निकाल लिहिता येतो. त्यात देवाला साक्षीला बोलवावं लागत नाही आणि मुकादमालाही नाही. जेवणाच्या वेळेपर्यंत मोकळे.

शिवाय 1821 च्या नव्या राज्यघटनेपासून कॉरोनर निवडून येतो, हेही विसरू नका. मालकाला मत आहे. काळ्या पुरुषाला अडीचशे डॉलरची मालमत्ता असेल तरच आहे, आणि मेलेल्याला तर नाहीच.

अडचण एकच. शेजारच्या ऑल्बनीत टी. रोमेन बेक नावाचे एक डॉक्टर शाळा चालवतात. त्यांनी 1823 मध्ये न्यायवैद्यकावर दोन जाडजूड खंड छापून ठेवलेत. कुठल्याही चुणचुणीत वकिलाने ते घेतले, की तुमची पंचाईत. त्याआधी 1760 मध्येच लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी डोक्याच्या दुखापतींवर पुस्तक लिहिलं होतं. मार बसल्यावर माणूस उठून चालतो-बोलतो आणि काही तासांनी कोसळतो, हे शल्यवैद्यांना ठाऊक आहे. कानशिलाचं हाड पातळ असतं. ते तडकलं की आतली रक्तवाहिनी फाटते, कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत जातं आणि मेंदू चेपला जातो. तुम्ही ज्याला दारूची झोप म्हणून लिहिणार होतात, ते घोरणं या चेपलेल्या मेंदूचं होतं. कानशिलावरची कातडी बाजूला करून पाहिलं असतं तर तडकलेलं हाड दिसलं असतं. बाहेर कदाचित रुपयाएवढीही सूज नव्हती.

आणि दुखणं आधीपासून होतं, समजा. तरी सुटका नाही. मॅथ्यू हेल या इंग्रज न्यायाधीशाचा ग्रंथ 1736 मध्ये छापला गेला. त्यात साफ सांगितलंय: माणूस सहा महिन्यांत रोगाने मरणारच असला, तरी ज्याच्या घावाने ते मरण अलीकडे ओढलं, त्याने मनुष्यवधच केला. भांडणाच्या भरात मारलं, तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध होईल. मात्र नुसत्या शिव्या खाल्ल्या म्हणून हत्यार चालवणाऱ्याला तेवढीही सवलत मिळेलच असं नाही.

हे सगळं छापील असूनही दारू आणि दुखण्यावर बोट ठेवायची ती पहिली पद्धत किती टिकाऊ निघाली, हे आपल्याकडेच, इंग्रजांच्या हिंदुस्थानात पाहा. आग्र्यात फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने गाडी दाराशी आली तेव्हा हजर नव्हता म्हणून कटवारू या मोतद्दाराला मारलं. तो जवळच्या आवारात जाऊन कोसळला आणि मेला. त्याची पाणथरी (प्लीहा) वाढलेली होती, ती फुटली. हिवतापाच्या मुलखात वाढलेली पाणथरी म्हणजे गोऱ्या साहेबाचा हमखास साक्षीदार. मॅजिस्ट्रेटने साधी दुखापत धरली आणि तीस रुपये दंड केला. हायकोर्टाला त्यात हात घालण्याजोगं काही दिसलं नाही. 1876 मध्ये व्हाइसरॉय लिटनने या निकालावर जाहीर ताशेरे ओढले, तेव्हा इथले इंग्रज खवळले, पण ते लिटनवर.

कॉरोनर मुंबईतही होता; ते पद 1999 मध्ये बंद झालं. आता पंचनामा पोलिस करतात. तुम्हाला कधी पंच म्हणून बोलावलं, तर सही करण्याआधी एवढं बघा: मार कुणी, कशाने आणि कुठे दिला, हे कागदावर आलंय का? मयताची दारू आणि पाणथरी त्यानंतर.