अठ्ठावीस दिवसांचे कलम
'स्टारड्यू व्हॅली' या २०१६ सालच्या शेतीविषयक संगणकीय खेळात लावलेले फळझाड २८ दिवसांत पूर्ण वाढते आणि आपल्या हंगामात रोज एक फळ देते. तरीही लांबलेल्या खेळात उत्साह टिकवावा कसा, याची खेळाडूंना चिंता असते. देवगड-मालवण पट्ट्यातील हापूसचे कलम पाचेक वर्षे राखण करून घेते, मग बहुधा वर्षाआड धरते, म्हणजे एका वर्षी मोहोर तर पुढच्या वर्षी नुसती पालवी, आणि धरलेच तर माकडांचा वाटा ठरलेला. खेळातल्या बुजगावण्याला कावळे निदान भितात. शिवाय तेथील जमीन आजोबांकडून एकट्या नातवंडाला मिळते आणि तिसऱ्या वर्षारंभी त्यांचे भूत कामाची पारख करावयास येते, तेही सातबाऱ्यावरील मुंबईकर सहहिस्सेदारांच्या संमतीवाचून.