नोंदवहीच नाही म्हणे!

अहो, ऐकलंत का? त्या व्हीपीएनवाल्यांचं हो! आमच्या धाकट्यानं मोबाइलवर घेतलंय ना, तर मला ऐटीत म्हणतो, "आई, मी काय बघतो ते आता कुणाला म्हणून कळायचं नाही." म्हटलं, ज्याला पैसे मोजलेस त्याला तरी कळेलच की! असा चेहरा पडला म्हणून सांगू...

तर काय सांगत होते... हां, लॉग, म्हणजे यांची नोंदवही हो. ती २०११मध्ये गाजलेली ब्रिटनमधली व्हीपीएन कंपनी आठवते ना? नाव असलं चावट, की चारचौघांत घ्यायची सोय नाही. तिच्या आडोशानं एक पोरगा सोनी पिक्चर्समध्ये शिरला. कोर्टाचा हुकूम येताच यांनी मुकाट्यानं नोंदी पुढे केल्या! वर म्हणतात कसे, कोण कुठल्या साइटवर गेलं ते आम्ही लिहीत नाही, फक्त कधी आला, कधी गेला आणि कुठल्या आयपीवरून. अहो, आपला वॉचमन तरी रजिस्टरात दुसरं काय लिहितो? तेवढ्यावरून अख्ख्या सोसायटीला कळतंच ना, की दुसऱ्या मजल्यावर... जाऊ दे, ते नंतर.

आणि ते प्युअरव्हीपीएन! लॉग ठेवत नाही म्हणून केवढा डंका. २०१७ साली अमेरिकेत एका मुलीच्या मागे लागलेला तो मेला सापडला, तो यांच्याच नोंदींवरून. एकच गिऱ्हाईक, घरूनही आलेलं नि नोकरीच्या जागेवरूनही. सापडला ते बरंच झालं हो, पण मग नोंदी आल्या कुठून?

आपल्याकडे तर एप्रिल २०२२मध्ये सर्ट-इननं, म्हणजे सायबर सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, व्हीपीएनवाल्यांसाठी फर्मानच काढलं. नाव, पत्ता, फोन, दिलेला आयपी, कशाला घेतलं तेसुद्धा लिहा आणि गिऱ्हाईक सोडून गेलं तरी पुढं पाच वर्षं जपा. आमचे जावई धसकलेच, पण ऑफिसच्या व्हीपीएनला ते लागू नाही म्हणे. राजीव चंद्रशेखर, तेव्हाचे मंत्री, सरळ म्हणाले, नियम नको असेल तर निघा. आणि एक्स्प्रेसव्हीपीएन जूनमध्ये निघालंसुद्धा! मागोमाग सर्फशार्क, नॉर्ड. आता सर्व्हर सिंगापुरात आणि पाटी भारताची. आहे की नाही चलाखी?

पण खरी मजा स्वीडनमध्ये. एप्रिल २०२३मध्ये मुलवाड नावाच्या व्हीपीएन कंपनीच्या गोथेनबर्गच्या ऑफिसात पोलीस वॉरंट घेऊन हजर, कॉम्प्युटर उचलायला! यांनी शांतपणे सांगितलं, तुम्हाला हवंय ते आमच्याकडे नाहीच. खरंच नाही हो! तिथं खात्याला नाव नाही, ईमेल नाही, नुसता एक नंबर. पैसे पाकिटात घालून पाठवले तरी चालतात. आले तसे गेले बिचारे, रिकाम्या हातांनी. काय तोंडं झाली असतील!

तुमच्या लेकालाही विचारा हो, त्यानं कुठलं घेतलंय ते. आणि फुकटातलं असेल, तर आजच्या आज काढायला लावा.