मनात एक पान धरा

साधा जादूगार आणि मेंटलिस्ट यांच्यात खरा फरक कपड्यांचा. जादूगाराला चमचमता कोट लागतो, टोपी लागते, कबूतर लागतं आणि त्या कबुतराचा दाणापाणी लागतो. मेंटलिस्टचं काळा कुर्ता, जरा राखलेली दाढी आणि किंचित त्रासिक चेहरा यांच्यावर भागतं. चाळिशी उलटल्यावर मला कबुतरं झेपेनात, म्हणून मी मनं वाचायला लागलो. दोन बोटं कानशिलावर, डोळे अर्धे मिटलेले, आवाज खालच्या पट्टीत. ही मुद्रा आरशासमोर उभं राहून मी अगदी पक्की बसवली. बायकोने ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा काही न बोलता बाम आणून दिला.

पण मान यात जास्त, हे मान्य करायलाच हवं. पान गायब केलं की लोक म्हणतात, "हातचलाखी हो!" तेच पान न बघता ओळखलं की म्हणतात, "यांच्याकडे काहीतरी आहे." त्या 'काहीतरी'वर माझा जीव आहे. कार्यक्रम संपल्यावर एखादे गृहस्थ माझी नजर चुकवायला लागले की मला धन्य वाटतं. आपल्या मनातलं याला कळेल, अशी त्यांना भीती वाटत असते. मला काडीचंही कळत नसतं. बहुतेक वेळा त्यांना जेवणाचं ताट कुठून घ्यायचं एवढंच विचारायचं असतं.

या धंद्याचं सगळं इंगित 'फोर्स' नावाच्या प्रकारात आहे. पान तुम्ही निवडता, पण कोणतं निवडायचं ते मी आधीच ठरवलेलं असतं. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ साली याची रीतसर परीक्षा घेतली. लोकांपुढे कॅट फरफर उलगडत नेला आणि एकच पान डोळ्यांना किंचित जास्त दिसू दिलं. ९८ टक्के लोकांनी तेच पान धरलं, आणि त्यातल्या बहुतेकांची खात्री होती की निवड आपलीच! आमच्या घरी या शास्त्रासाठी प्रयोगशाळा लागत नाही. "दोडका करू की दुधी?" असं बायको विचारते. मी दोडका म्हटलं, तर "बरं, दोडका." दुधी म्हटलं, तर "मग दुधी ठेवते उद्याला, आज दोडका उरकून टाकते." परदेशी जादूगार याला 'मॅजिशियन्स चॉईस' म्हणतात आणि त्यावर पुस्तकं लिहितात.

दुसरा मार्ग रचलेल्या कॅटचा. प्रत्येक पुढचं पान आधीच्यापेक्षा तीनने मोठं आणि चारही रंग ठरल्या क्रमाने. कॅट कितीदाही काटा, क्रम मोडत नाही, आणि खालचं पान चोरून पाहिलं की वरचं कोणतं ते कळतं. अमेरिकेत ही रचना 'साय स्टेबिन्स' या नावाने गाजली, पण १५९३ साली इटलीत छापलेल्या एका पुस्तकातही तिच्याच जातीची रचना आहे. चारशे वर्षं टिकलेली ही विद्या महाराष्ट्रात मात्र दोन मिनिटं टिकत नाही, कारण मराठी माणसाच्या हातात कॅट दिला की तो काटत नाही, पिसतो. "काटा" म्हणावं तर संशयाने बघतो आणि आणखी पिसतो. रमीत पोळलेली जात आहे.

तिसरा मार्ग मला सगळ्यात प्रिय. नुसतं म्हणायचं, "मनात एक पान धरा." पाश्चात्त्य लोक अशा वेळी हटकून इस्पिकचा एक्का नाहीतर बदामची राणी धरतात, असं तिकडची पुस्तकं सांगतात. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनी बदामसात खेळलेला नाही. आपल्याकडे मी सांगतो, बदामची सत्ती! ज्याने मे महिन्याच्या दुपारी आजोळच्या माजघरात "बदाम सत्ती कोणाकडे?" ही आरोळी ऐकली आहे, त्याच्या डोक्यात ते पान कायमचं वर येऊन बसलेलं असतं.

बदामसात निघालाच आहे तर माझ्या आत्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता यायचं नाही. आमच्या घरच्या कॅटात किलवरची नव्वी हरवलेली होती. तिच्या जागी एका जोकरवर निळ्या शाईने 'कि. ९' लिहिलं होतं. जोकरचा कोपराही दुमडलेला, त्यामुळे तो कोणाकडे आहे ते सगळ्या घराला पाठीमागूनसुद्धा दिसायचं. आत्याला मात्र उरलेली पानंही दिसत असावीत. हातात इस्पिक सत्ती असताना ती इतक्या निर्मळ चेहऱ्याने "पास" म्हणायची की आम्ही पोरं एकमेकांवर आळ घेत बसायचो. इस्पिकची छक्की, पंजी, अठ्ठी सगळी आमच्या हातात कुजत पडायची. मग अगदी शेवटी, पदराने घाम टिपत, "अगंबाई, ही कुठे लपली होती!" म्हणून ती सत्ती खाली टाकायची. वर कोणाच्या हातात काय आहे ते बिनचूक सांगायची. "तू गुलाम धरून बसलायस. मघापासून तीनदा पानं नीट लावलीस." ती ना कानशिलाला बोट लावायची, ना डोळे मिटायची. अमेरिकेतल्या थिओडोर ॲनमनने १९३४ साली 'जिंक्स' नावाचं नियतकालिक काढून मेंटलिस्टांच्या पिढ्या घडवल्या म्हणतात. त्याची माझ्या आत्याशी गाठ पडली असती तर त्याने एखादा विशेषांक तरी काढला असता.

असो. एका सोसायटीच्या कोजागरीला मी याच बदाम सत्तीवर सगळं अंगण जिंकलं. कार्यक्रम संपला, दूध वाटून झालं, आणि एक आजी जवळ आल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "दादा, ह्यांना अर्धांगाचा झटका आला तशी वाचा गेली. दिवसभर माझ्याकडे बघत असतात. काय हवंय ते कळत नाही. तुम्ही घरी येऊन जरा बघाल का?"

मी म्हटलं, "आजी, तो खेळ होता." त्यांना वाटलं मी विनयाने बोलतोय. मग मी जादूगाराने करू नये ते केलं. खुर्च्या आवरणाऱ्या पोरांच्या देखत कॅट त्यांच्यापुढे उलटा पसरला. त्यात निम्मी पानं बदाम सत्त्याच होत्या. आजींनी चष्मा वर करून एकेक पान निरखलं.

"म्हणजे तुम्हाला कोणाच्याच मनातलं कळत नाही?"

"कोणाच्याच नाही."

"अरेरे," असं म्हणून त्यांनी माझ्या हातावर थोपटलं आणि निघून गेल्या.

मला त्या रात्री खरा राग आला तो आपल्या बाबालोकांचा. मिटलेली चिठ्ठी न उघडता ओळखायची, नाव आधी कोणाकडून काढून घ्यायचं, ही आमचीच हत्यारं. फरक एवढाच की तिथे या आजींना उदी मिळाली असती, पुढच्या गुरुवारी पुन्हा बोलावणं आलं असतं आणि दक्षिणा गेली असती. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव चमत्कार करून दाखवतात आणि मागची युक्तीही लगेच सांगून टाकतात. पूर्वी मी त्यांच्यावर चिडायचो, आमचं गुपित चव्हाट्यावर आणतात म्हणून. समितीच्या दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तोवर हे गुपित माझ्या पोटापाण्याचं, एवढाच मी विचार करत होतो.

दैवी शक्ती नाही असं मेंटलिस्टने आधीच जाहीर करावं की नाही, यावर आमच्या धंद्यात जुना वाद आहे. जाहीर केलं तर रंग उडतो म्हणतात. मी जाहीर करतो. तेव्हापासून टाळ्या जरा कमी पडतात, असं मला वाटतं. बायको म्हणते, पूर्वीही एवढ्याच पडायच्या.

तेव्हा घरी बारसं, साठी, डोहाळजेवण काहीही असलं तरी मला बोलवा. फक्त स्वतःचा कॅट काढून पुढे करू नका. आणि मनात एक पान धरा म्हटलं, तर किलवरची चौकी, चौकटची तिर्री असलं काहीतरी धरून चारचौघांत हुशारी दाखवू नका. सरळ बदाम सत्ती धरा.