इंडेक्स सर

प्रत्येक इंजिनीअरिंग कॉलेजात एक तरी इंडेक्स सर असतात. त्यांचं खरं नाव फक्त टाइमटेबलवर असतं. सबमिशनच्या आठवड्यात त्यांच्या केबिनबाहेर रेशनच्या दुकानाला लाजवेल अशी रांग लागते. फाइल हातात आली की सर आधी तिचं वजन बघतात. मग इंडेक्स, समास, पेन्सिलच्या आकृत्या. उत्तर वाचायची पाळी सहसा येत नाही. अख्ख्या बॅचचं उत्तर एकच असतं आणि ते सरांनी मागच्या वर्षीच न वाचता तपासलेलं असतं.

सरांचं खरं कसब तारखांत. सेमिस्टरभराचे प्रयोग पोरं एका रात्रीत उतरवतात, हे त्यांना ठाऊक आहे. त्याबद्दल तक्रार नाही. फक्त ती रात्र कागदावर दिसता कामा नये. शाई बदलती हवी, तारखा आठवड्याच्या अंतराने हव्यात. शंका आली की सर भिंतीवरच्या कालनिर्णयकडे वळतात.

"सातवा प्रयोग अनंत चतुर्दशीला? लॅबमध्ये कोण कोण होतं रे, तू आणि गणपती?"

खाडाखोड चालत नाही. पान नवं.

टर्मवर्कचे मार्क 25 पैकी 18 ते 23. खाली गेलं तर एचओडी विचारतात, वर गेलं तर पोरगं चढून बसतं. आता नॅकच्या फाइलींपायी प्रत्येक प्रश्नापुढे ब्लूमसाहेबांच्या सुधारित वर्गवारीतली पायरीही लिहावी लागते. 'व्याख्या द्या' म्हणजे स्मरण, 'तुलना करा' म्हणजे विश्लेषण. दोन्ही उत्तरं एकाच सीनियरच्या फाइलीतून आलेली असतात, हे ब्लूमना कोण सांगणार?

एकदा मात्र गंमत झाली. माइल्ड स्टीलच्या सळईचा यंगचा मॉड्युलस साधारण 200 ते 210 गिगापास्कल. सगळ्या बॅचचा 205 आला. एकाचा आला 62. बिचाऱ्याने खरोखर यंत्रावर रीडिंग घेतली होती.

सरांनी पेन खाली ठेवलं. खडू घेतला. सळई जबड्यात जरा सरकते, यंत्रही स्वतः थोडं ताणलं जातं, आणि ती सगळी लांबी आपण सळईच्या खात्यावर टाकतो. म्हणून मॉड्युलस कमी दिसतो. त्यासाठी सळईलाच एक्स्टेन्सोमीटर लावायचा. तो आपल्याकडे आहे, कपाटात. बिघडू नये म्हणून कुलूप लावलंय. सर फळ्यावर आकृत्या काढत राहिले, रांग तिष्ठत राहिली, आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा चक्क ऐकत होती.

"हे पान माझ्याकडे राहू दे," सर म्हणाले आणि त्यांनी ते जपून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

शनिवारी त्याची फाइल तपासली, तेव्हा एक पान कमी भरलं. दोन मार्क कापले.