आर्गॉन नाना

प्रत्येक आळीत एक गृहस्थ असा असतो, की मिस्त्रीला पैसे देणं त्याला स्वतःच्या डिप्लोम्याचा अपमान वाटतो. आमच्या चिंचवडच्या आळीत हे पद नानांकडे आहे. भोसरीच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात घरातल्या चपलांच्या स्टीलच्या रॅकचा पाय निखळला. कोपऱ्यावरचा वेल्डर 50 रुपयांत टाका मारून देत होता. नानांनी मशीन घ्यायचं ठरवलं.

ठरवायला तास लागला, घ्यायला सात महिने. कांडीचं वेल्डिंग त्यांच्या लेखी धसमुसळं. ठिणग्या काय, खपल्या काय! हवं ते टिग. भोसरीच्या बोलीत आर्गॉन. दुकानदारानं डीसी मशीन पुढे केलं की नाना विचारणार, "यावर ॲल्युमिनियम होईल?" होत नाही. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं, पण त्यावरची ऑक्साइडची साय 2,000 अंशांनाही दाद देत नाही. ती फोडायला एसी लागतं. म्हणून एसी-डीसी मशीन, 200 अँपिअरचं. घरात ॲल्युमिनियमची एक जुनी शिडी तेवढी आहे, आणि ती धडधाकट आहे.

"60 टक्के ड्यूटी सायकल," नानांनी काकूंना समजावलं. "पूर्ण करंटवर दहा मिनिटांत सहा मिनिटं काम, चार मिनिटं विश्रांती."

"म्हणजे तुमच्यापेक्षा कामसू आहे," काकू म्हणाल्या.

मशीनच्या आधी वायरमन आला. वेगळी लाइन, वेगळा एमसीबी, अर्थिंगची तपासणी. मग आर्गॉन वायूचा सिलिंडर आला; तो नानांनी बाळकृष्णाला उखळाशी बांधावं तसा पार्किंगच्या खांबाला साखळीनं बांधला. टंगस्टनच्या कांड्या निळ्या शेंड्याच्या, लँथनमवाल्या. लाल शेंड्याच्या कांडीत थोरियम असतं आणि टोक काढताना त्याची धूळ छातीत जाते, हे त्यांनी दूधवाल्यालाही सांगून ठेवलंय.

मुहूर्त लागला तो ऐन मे महिन्यात. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, चामड्याचे हातमोजे, डोक्यावर आपोआप काळं होणारं हेल्मेट, आणि पंखा बंद. वारा लागला की आर्गॉन उडतो आणि टाक्याला भोकं पडतात. शटर मात्र सताड उघडं. आर्गॉन हवेपेक्षा जड, बंद खोलीत खाली साचतो आणि वासही येत नाही. शटर उघडं म्हटल्यावर आळीतली पोरं जमणारच. त्यांना नानांनी पडद्याआड हाकललं. उमेदवारीच्या दिवसांत नानांना आर्क लागली होती. दिवसभर काही नाही, रात्री दोनला डोळ्यांत मूठभर वाळू! ही गोष्ट मी आजवर नऊदा ऐकली आहे.

मी एकदा गळकी जस्ताची बादली घेऊन गेलो. नानांनी ती दारातूनच परत केली. जस्ताचा धूर छातीत गेला तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो म्हणे. मला तेव्हा तो कंजूषपणा वाटला. खरं तर अजूनही थोडा वाटतो.

आता प्रत्यक्ष वेल्डिंग. उजव्या हातात टॉर्च, डाव्या हातात फिलर वायर, पायाखाली पेडल. दर मिनिटाला टंगस्टन रसात बुडायचं, नाना थांबायचे, टोक पुन्हा घासायचे. मधल्या विश्रांतीत इतिहास चालू: हे तंत्र 1940च्या दशकात अमेरिकेत विमानांच्या मॅग्नेशियमसाठी निघालं. आम्ही माना डोलवत चपलांच्या रॅककडे बघायचो.

चौथ्या दिवशी पाय जोडला गेला. नानांनी काकूंना बोलावलं. काकूंनी चष्मा पुसला, वाकून तो टाका या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"मुरड बरी पडलीय," त्या म्हणाल्या. "पण इथं सोनेरी आहे आणि पुढं काळपट. करंजी सोनेरीवरच काढायची असते. आच जास्त झाली."

नानांनी हेल्मेट काढलं. स्टेनलेसचा टाका सोनेरी राहिला तर उत्तम, काळवंडला तर उष्णता जास्त, हे ते सात महिने आम्हाला सांगत होते.

"किती कमी करू?" त्यांनी विचारलं.